बनाबाईची साक्ष

सोलापुरातल्या गिरणीच्या चाळींत बनाबाई शिरली की बायका एकमेकींना हाका मारून सांगत, "पोरीची गोष्ट सांगणारी आली गं." खरं म्हणजे तिचं काम पोरीची गोष्ट सांगण्याचं नव्हतं. मिशननं तिला नेमलं होतं शुभवर्तमान सांगायला. अशा बाईला तेव्हा बायबलबाई म्हणत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पातळ पुस्तकं आणि रंगीत चित्रांचे कागद, डोक्यावर पदर आणि पदरावर काळी छत्री, असा तिचा अवतार. दारोदार जायचं, बायका जे काम करत असतील त्याला हात लावायचा, आणि हात चालते झाले की तोंड चालतं करायचं. पण चूल, पोरं आणि नवऱ्याची पाळी यांत बुडालेल्या बायकांच्या डोक्यात उपदेश शिरतो कुठला? एका कानानं ऐकायच्या आणि दुसऱ्यानं सोडून द्यायच्या. आपल्या पोरीचं, बजीचं, तिनं सांगायला घेतलं की मात्र सुपातली ज्वारी सुपातच राही.

"माझी बजी सात वर्साची," बनाबाई सांगे. "तापानं फणफणली. छाती भरली. आमचं भाऊबंद भंडारा घिऊन आलं, म्हनलं लाव कपाळाला, बिरोबा राखंल. म्या म्हनलं, न्हाय, माझा प्रभू हाय. आन पोरगी काय म्हनली ठाव हाय? म्हनली, 'नगं आये, भंडारा नगं. येशूबाबा आलाय की.' आन हसली बगा. हसत हसत गेली माझी बजी."

बायका पदरानं डोळे पुसत. तेलुगू विणकरांच्या बायकांना शब्द अर्धेच कळत, पण त्याही पुसत. देवाचा अनुभव सांगणारी अशी साक्ष साऱ्या मिशनात दुसरी नव्हती. रविवारी मिशनच्या देवळात जमणाऱ्या मंडळीत, सणाला, बाहेरगावचे पाहुणे आले की, बनाबाईला उभं करत आणि बनाबाई सांगे.

यात खरं एवढंच, की बजी होती, सात वर्षांची होती, आणि गेली.

एकवीस सालच्या दुष्काळात बनाबाई सांगोल्याच्या माळावरून सोलापुरात आली. पन्नास मेंढरांतलं एकही उरलं नव्हतं. खडी फोडायच्या कामावर नवऱ्याला पटकी झाली आणि दोन दिवसांत तो आटोपला. भाऊबंदांनी पाठ फिरवली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते काही उगाच म्हणत नाहीत. मायलेकींना मिशननं आसरा दिला, अन्न दिलं, आणि कुणी जबरदस्ती केली असं बनाबाई जन्मात कधी म्हणाली नाही. तिनं आपणहून बाप्तिस्मा मागितला. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक तिनं पाळकसाहेबांच्या हातात आणून ठेवले. सगळी मंडळी बघत होती. पण बिरोबाच्या भंडाऱ्याची एक एवढीशी थैली मात्र तिनं कनवटीला तशीच ठेवली. का ठेवली, ते तिलाही सांगता आलं नसतं. सासूनं दिली होती, आणि धनगराच्या घरात पोराचं अंग तापलं की आधी भंडारा आणि मग बाकीचं. बजीला तर त्याचं बोट कपाळाला लागल्याशिवाय झोपच येत नसे.

महिनाभरात बजी आजारी पडली. दवाखान्यात खाटेशी मंडळीतल्या पाचसहा बायका गोळा झाल्या होत्या. पाळकसाहेबांची बायको पद्मजाबाई बनाबाईचा हात धरून प्रार्थना करत होती. आणि पोरीनं डोळे उघडले. ओठातल्या ओठात म्हणाली, "आये, भंडारा लाव की."

थैली कनवटीला होती. हात लांबवायचाच काय तो उशीर होता. पण डाव्या हाताला पद्मजाबाई, उशाशी दुसऱ्या बायका, आणि महिन्यापूर्वी हिनंच सगळ्यांसमोर सांगितलेलं, की आता माझा एकच देव. बनाबाईला लाज वाटली. दुसरं काही नाही, लाज. पोरगी पुटपुटत राहिली, इतकं हळू की आईशिवाय कुणाला कळलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाली आणि मग तिचा श्वासच थांबला. बायका पाणी आणायला, पाळकसाहेबांना बोलवायला गेल्या, तेव्हा बनाबाईनं थैली सोडून चिमूट कपाळाला लावली. पण अंगावरचा घाम वाळला होता. भंडारा चिकटला नाही. सगळा उशीवर सांडला आणि तिनं तो पदरानं पुसून घेतला.

पद्मजाबाई खोटारडी बाई नव्हती, हे सांगायला हवं. शेवटच्या श्वासाला बजीचे ओठ विलग झाले ते तिला हसू दिसलं. माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. पुढच्या रविवारी ती मंडळीत रडत रडत म्हणाली, "लेकरू हसत प्रभूकडे गेलं. हो ना, बनाबाई?" बनाबाईनं मान हलवली. आता त्या वेळी दुसरी आई असती तर काय करती? पोरगी हसत गेली असं कुणी सांगितलं, तर कुठली आई नाही म्हणेल?

भंडारा मात्र या गोष्टीत पद्मजाबाईनं घातला नाही. तो बनाबाईनंच घातला. पुढं दोन वर्षांनी एका पाहुण्या उपदेशकानं विचारलं, "तुमच्या लोकांनी त्या वेळी त्रास नाही दिला?" बनाबाईला वाटलं, आता सांगून टाकावं. एकदा तो शब्द माणसांत तोंडातून जाऊ दे. "भंडारा..." ती म्हणाली, आणि सगळे पुढे वाकले, आणि खरं सांगायला उघडलेल्या तोंडातून सगळं उलटं बाहेर पडलं. मागणारी पोर नाही म्हणणारी झाली. कधीच न आलेले भाऊबंद भंडारा घेऊन दारात आले. उपदेशकानं ते वहीत लिहून घेतलं. एकदा लिहिलं गेल्यावर ते तिचं उरलं नाही.

म्हणून तिचा विश्वास खोटा होता असं कुणी समजू नये. तिचा विश्वास होता, पण तो तिनं चाळीत कधी नेला नाही. पहाटे दळायला बसली की जात्याच्या घरघरीत ती एकच बोलणं बोले, "देवा, तुला ठाव हाय. तुला तरी ठाव हाय." तेवढीच तिची प्रार्थना. गुडघे टेकून, डोळे मिटून जी प्रार्थना ती लोकांबरोबर करी, तिच्यात तिचा जीव नसे. दहा-अकरा वर्षं ती अशी दोन घरांत राहिली. एक चव्हाट्यावरचं आणि एक कुलूप लावलेलं.

मग बत्तीस साली मायाक्का भेटली.

मायाक्का जतकडची धनगराची पोर. नवरा ज्ञानबा गिरणीत, पाच वर्षांचा मुलगा बिरप्पा, आणि सासू सोजरबाई. बनाबाई आली की मायाक्का हातातलं टाकून येई. "मावशी, तुमी बजीचं सांगा की," म्हणे. ऐकून झालं तरी पुन्हा म्हणे. इतर बायका रडून मोकळ्या होत, ही रडत नसे. ही विचारी, "तवा तुमाला भ्या न्हाय वाटलं?" आणि बनाबाई म्हणे, "न्हाय." मायाक्काच्या तोंडाकडे बघून बनाबाई कधी कधी पिशवीतले कागद चाळत बसे. कुणी आपल्यावर एवढा भरवसा टाकावा आणि तोही नेमका आपल्या खोटेपणावर!

वर्षभरात मायाक्कानं बाप्तिस्मा घेतला. ज्ञानबा म्हणाला, "तुला बरं वाटतंय तर घे." तो स्वतः काही गेला नाही. सोजरबाईनं मात्र घर डोक्यावर घेतलं. "ज्या देवानं नातू दिला त्यालाच लाथाडलंस!" म्हणून आपलं गाठोडं उचलून ती मागच्या गल्लीत लेकीकडे राहायला गेली. नातू दिवसातून चारदा तिकडे पळे. आज्जीच्या हातचं खाऊन येई, आज्जीच्याच मांडीवर झोपे.

त्या भादव्यात बनाबाई दहा दिवस अक्कलकोटकडच्या खेड्यांत फिरत होती. परत येऊन पिशवी खुंटीला अडकवते न अडकवते तोच शेजारणीनं सांगितलं, की मायाक्काचा बिरप्पा गेला. ती तशीच चाळीकडे निघाली.

मायाक्का भिंतीला टेकून बसली होती. बनाबाईला बघून ती रडली नाही. तिनं सगळं सांगितलं, अगदी शिकवल्यासारखं नीट सांगितलं. बिरप्पाला ताप आला. दवाखान्याचं औषध चालू होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानबा गिरणीत होता आणि सोजरबाई भंडारा घेऊन दारात आली. मायाक्कानं आतून कडी घातली.

"तुमी केलं तसंच केलं, मावशी. म्हनलं, माझा प्रभू हाय. म्हातारी दार बडवत हुती. 'एकडाव बगू दे, भंडारा न्हाय लावत, नुसतं बगू दे,' म्हनत हुती. म्या न्हाय उगडलं. दिवस कलंपातूर बसली दारात."

"आन बिऱ्या?"

"बिऱ्या..." मायाक्का थांबली. "त्यानं आज्जीचा आवाज वळकला. 'आज्जे, आज्जे' करत दाराकडं हात करत हुता. म्या वाट बगत हुते, मावशी. आता म्हनंल, आता म्हनंल. त्यो न्हाय म्हनला. न्हाय हसला. आज्जीला हाका मारतच गेला." तिनं बनाबाईचा हात धरला. "बजीला दिसलं, मग माज्या बिऱ्याला का न्हाय दिसलं? माजा इस्वास कमी पडला का? खरं सांगा."

बनाबाईनं आपला हात सोडवून घेतला. "देवाची इच्छा, बाई," एवढंच ती म्हणाली आणि उठून आली. पोर काही कडी घातल्यानं गेलं नव्हतं, तापानं गेलं होतं, हे तिला कळत होतं. पण ते आज्जीच्या मांडीवर जाऊ शकलं असतं. तेवढं तरी त्याला मिळालं असतं. आणि ते मिळालं नाही ते आपल्या गोष्टीमुळं.

दोन दिवसांनी पद्मजाबाईनं तिला बोलावलं. तिचेही केस आता पिकले होते. "बनाबाई, या रविवारी तुम्ही साक्ष द्या. मायाक्काला मी पुढं बसवते. त्या बिचारीला आधार मिळेल. तुमच्याइतकं तिचं दुःख दुसऱ्या कुणाला कळणार?"

"देते," बनाबाई म्हणाली.

आणि देताना काय सांगायचं तेही तिनं तिथंच ठरवलं. या वेळी खरं. सगळ्या मंडळीसमोर, पाळकसाहेबांसमोर. मग नोकरी जाऊ दे, मिशनच्या आवारातली खोली जाऊ दे. लोक तोंडावर थुंकले तर थुंकू देत. मायाक्काच्या छातीवरचा तो धोंडा तरी उतरेल, की माझा विश्वास कमी पडला. तिनं ठरवलं आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिला भूक लागून जेवण गेलं. पण चारचौघांत मायाक्कावर ते एकदम आदळायला नको. तिला आधी एकटीला सांगितलं पाहिजे, एवढी माणुसकी तिला कळत होती.

शनिवारी दुपारी ती गेली. मायाक्का दारात ज्वारी पाखडत होती. बनाबाई समोर बसली आणि तिनं सांगितलं. कुणी भाऊबंद आले नव्हते. भंडारा बजीनंच मागितला. तीनदा मागितला. ती हसली नाही.

मायाक्काचं सूप थांबलं. "भंडारा जवळ हुता?"

"कनवटीला."

"मग दिला का न्हाय?"

"मानसं बगत हुती."

सुपातला एक खडा मायाक्कानं उचलला, टाकला. मग म्हणाली, "मला तर कुनीच बगत नव्हतं, मावशी. दार लावल्यालं हुतं. म्या एकलीच हुते."

बनाबाईनं तिचे पाय धरायला हात पुढं केले. मायाक्कानं पाय मागं घेतले.

"उद्या सांगते मी सगळ्यांम्होरं," बनाबाई म्हणाली. "तुजा इस्वास कमी न्हाय पडला, बाई. माजंच खोटं हुतं. उद्या सगळ्यांस्नी कळू दे."

"काय कळू दे?" आजवर 'तुमी' म्हणणारी मायाक्का एकदम 'तू'वर आली. "तू मोकळी व्हशील. आन मी? मालकाला म्या काय सांगितलंय ठाव हाय? म्हनलं, बिऱ्या हसत गेला. बजीवानी. 'नगं आज्जे' म्हनला आन हसला. म्हातारी दाराभाईर बसून सगळं ऐकत हुती, ती म्हनती पोर हाका मारत मेलं. हिचं खरं का तिचं खरं, ह्यातच मालक हाय. दोन दिस माज्याकडं नुसता बगतोय, बोलत न्हाय. उद्या यायचा हाय त्यो मंडळीत, तुजं ऐकाय. बजीचं खोटं निगालं तर माजं खोटं निगालंच की. मग मला कोन घरात ठिवंल? पोर कडी घालून मारलं म्हनतील. व्हय, म्हनतीलच."

"मायाक्का, आगं..."

"तसंच सांगायचं. आजपातूर सांगितलंस तसंच. एक सबुद हिकडचा तिकडं न्हाय." आणि तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. जोंधळे खाली सांडत होते तरी पाखडत राहिली.

रविवारी मिशनचं देऊळ भरलं होतं. बायका सतरंजीवर एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मायाक्का सगळ्यांत पुढं, डोक्यावरून पदर घेऊन, ताठ बसलेली. दाराशी चौकटीला टेकून ज्ञानबा उभा होता. आत ये म्हटलं तरी तो आला नाही. पायताणं त्यानं हातात धरली होती.

बनाबाई उभी राहिली. "माझी बजी सात वर्साची," तिनं सुरुवात केली. ताप आला, छाती भरली. तिथं येऊन ती थांबली. खरं तिच्या अगदी ओठांवर होतं, आणि देवाला जे एकांतात ठाऊक होतं ते माणसांना सांगायला याहून चांगला दिवस कधी येणार होता? तिनं दाराकडं पाहिलं. ज्ञानबाची मान पुढं आली होती. तिनं मायाक्काकडं पाहिलं. मायाक्का तिच्याकडे बघत नव्हती. ती खाली सतरंजीकडं बघत होती आणि तिच्या गळ्याची शीर उडत होती.

"भाऊबंद भंडारा घिऊन आलं," बनाबाई म्हणाली.

मग पुढचं सगळं आपोआप आलं. कुठं आवाज खाली न्यायचा, कुठं थांबायचं, ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. मंडळी रडली. पद्मजाबाई रडली. पाळकसाहेबांनी मायाक्कासाठी, तिच्या हसत गेलेल्या लेकरासाठी देवाचे आभार मानले. म्हणजे हे तिथवरही पोचलं होतं तर. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बनाबाईनंही म्हटलं.

बाहेर पडल्यावर लोक तिच्याशी बोलायला थांबत होते. त्यांच्यातून वाट काढत ज्ञानबा आला. त्यानं तिला बाजूला, फाटकाबाहेर रस्त्यावर नेलं. मायाक्का दहा पावलांवर पाठ करून उभी राहिली.

"मावशी," तो हळू म्हणाला, "मला शिकल्याल्या मानसाचं काय कळत न्हाय. आत सगळं म्हनायचंच असतं, त्ये मी धरत न्हाय. हितं आता कुनी न्हाय. देवाला स्मरून एक सांगा. तुमची पोर खरंच हसली हुती?"

आता बघायला मंडळी नव्हती, पद्मजाबाई नव्हती, पाळकसाहेब नव्हते. एक बाप आणि एक आई. बनाबाईनं मायाक्काच्या पाठीकडं पाहिलं.

"हसली," ती म्हणाली.

ज्ञानबानं डोळे मिटले. मग खांद्यावरच्या पटक्यानं त्यानं तोंड पुसलं आणि त्याचा आवाज एकदम कडक झाला.

"मग आमचा बी हसलाच आसंल. म्हंजी आमची म्हातारीच खोटं बोलत्या. मेलेल्या पोराच्या नावानं खोटं बोलायला जीभ कशी झडली न्हाई तिची? आजच तिला गाडीत बशिवतो. गावाकडं जाऊन मर म्हनावं. माज्या दारात पुन्यांदा पाय ठिवू द्यायचा न्हाय मी तिला."

त्यानं पायताणं खाली टाकली, पायांत घातली आणि मागच्या गल्लीकडं, सोजरबाई राहत होती तिकडं, चालू लागला. मायाक्का त्याच्या मागून निघाली. बनाबाई फाटकाशी उभी होती. गल्लीचं वळण काही लांब नव्हतं. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.